नागपूरच्या हवेत व्यायाम नेमका केव्हा करावा?

खडूफळा

माझे वय ४९, मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि त्रिमूर्तीनगरला राहते. दिवाळीनंतरच्या तपासणीत रक्तातील साखर सीमारेषेवर आल्याचे समजले. औषध लगेच सुरू न करता आधी काही महिने नियमित व्यायाम करा, मग पुन्हा तपासू, असे डॉक्टरांनी सांगितले. व्यायामाबद्दल माझी तक्रार नाही, अडचण वेळेची आहे.

आमचे सासरे ८१ वर्षांचे आहेत आणि आजही पहाटे चारला उठतात. सूर्य उगवल्यानंतर केलेला व्यायाम म्हणजे नुसती हमाली, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांच्या शब्दाला मान देऊन मी नोव्हेंबरपासून पाच वेळा पहाटेचा संकल्प केला आणि पाचही वेळा तो नवव्या-दहाव्या दिवशी मोडला, कारण रात्रीची आवराआवर आणि वह्या तपासून झोपायला मला साडेअकरा होतात. आता मार्चपासून शाळा सकाळची होईल. सव्वासहाला घर सोडावे लागेल आणि परत यायला दुपारचा एक वाजेल. त्या वेळी आपल्याकडे बाहेर काय परिस्थिती असते, हे नागपूरकरांना सांगायला नको. उरते ती संध्याकाळ.

संध्याकाळचा व्यायाम खरोखरच दुय्यम असतो का? साखरेच्या दृष्टीने कोणती वेळ अधिक उपयोगी आहे? आणि मे महिन्यात आपण सगळे नेमके काय करता? अनुभव आणि कारणे दोन्ही वाचायला आवडतील.

टेकडीचा_पाहुणा

ताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी निवृत्तीनंतरची अकरा वर्षे रोज पहाटे सव्वापाचला सेमिनरी हिल्सवर जातो आणि जपानी गार्डनच्या बाजूने फेरी मारून सव्वासहाला खाली येतो. पहाटेच्या वेळेचा मोठा गुण हा की ती वेळ दुसऱ्या कोणाला नको असते. सव्वापाचला कोणी दूरध्वनी करत नाही, पाहुणे येत नाहीत, बँकेतून किंवा शाळेतून निरोप येत नाही. संध्याकाळ मात्र सगळ्यांच्या मालकीची असते. लग्नाचे स्वागत समारंभ, वाढदिवस, बाजारहाट आणि नातवाचा अभ्यास हे सगळे संध्याकाळीच येते. आमच्या गटातील ज्यांनी 'आता संध्याकाळी येतो' असे सांगितले, ते पुन्हा टेकडीवर दिसले ते थेट कोणाच्या तरी साठीला. शिवाय पहाटे झाडांमुळे हवेत प्राणवायू भरपूर असतो, तो वेगळाच.

कूलरची_टाकी

मे महिन्यात नागपूरकर काय करतात, या प्रश्नाचे उत्तर मी अधिकाराने देऊ शकतो. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, वर नळाला पाणी चढत नाही आणि आमच्या कूलरच्या टाकीत रोज नऊ बादल्या पाणी लागते. त्या मी जिन्याने चढवतो. याला कोणी व्यायाम म्हणत नसेल तर त्याने एक आठवडा माझ्या घरी मुक्कामाला यावे.

वजनकाटा

मी नंदनवन भागात एका व्यायामशाळेत सात वर्षांपासून प्रशिक्षक आहे आणि पहाट व संध्याकाळ अशा दोन्ही तुकड्या घेतो, त्यामुळे माझे मत कोणत्याही एका बाजूला विकलेले नाही.

शरीराचे तापमान दिवसभर सारखे राहत नाही. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत कमी असते, हळूहळू चढत जाते आणि दुपार उलटल्यानंतर ते संध्याकाळी सहा-सातपर्यंतच्या काळात सर्वांत जास्त असते. फरक अंशाच्या आतबाहेरचाच असतो, पण तेवढ्यानेही स्नायू अधिक लवचीक होतात, सांधे मोकळे होतात आणि ताकद थोडी जास्त लावता येते. माझ्याकडे जो मुलगा संध्याकाळी जे वजन दहा वेळा उचलतो, तोच पहाटे आठव्या वेळेला थांबतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेतील प्रेक्षकांच्या सोयीसाठी जलतरणाच्या अंतिम फेऱ्या सकाळी ठेवल्या होत्या, आणि जलतरणपटूंना सकाळी सर्वोत्तम वेग काढता येईल का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली होती. त्या स्पर्धेत विक्रम पुष्कळ झाले. त्याला पोहण्याचे नवे पोशाखही कारणीभूत होते, पण सकाळच्या सरावाने शरीराला त्या वेळेची सवय लावता येते, हेही खेळाडूंनी दाखवून दिले.

या शरीरातील घड्याळाला आधुनिक विज्ञानाने चांगलेच मनावर घेतले आहे. पेशींमध्ये ते घड्याळ कसे चालते हे फळमाशीवरील संशोधनातून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा संध्याकाळच्या व्यायामाला दुय्यम म्हणण्याचे काही कारण नाही, उलट ताकदीच्या व्यायामासाठी ती वेळ थोडी सरसच आहे. मात्र एक मान्य करतो. माझ्या पहाटेच्या तुकडीत वर्षभर टिकणारे लोक संध्याकाळच्या तुकडीपेक्षा स्पष्टपणे जास्त आहेत.

टेकडीचा_पाहुणा

शेवटचे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून घरी लावणार आहे.

रात्रपाळी

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात काम करतो. आठवडा पाळीप्रमाणे फिरतो: सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी. या धाग्यातील 'पहाट' आणि 'संध्याकाळ' हे शब्द वाचून मला थोडे हसू आले. रात्रपाळीच्या आठवड्यात मी सकाळी साडेसातला घरी येतो, तीच माझी संध्याकाळ असते. सुरुवातीला मी घरी आल्यावर लगेच धावायला जात असे, कारण टेकडीवरच्या काकांसारख्या लोकांनी सकाळचे इतके कौतुक करून ठेवले होते. त्यानंतर मला झोपच येत नसे. आता मी सकाळी फक्त हातपाय ताणतो, डोळ्यांवर फडके बांधून झोपतो आणि दुपारी चारला उठल्यावर घरातच पाऊण तास व्यायाम करतो. पाळी बदलते तशी व्यायामाची वेळही बदलते. मी घड्याळाकडे न पाहता 'झोपून उठल्यानंतर एका तासाने' एवढाच नियम पाळतो. तीन वर्षांत सर्वाधिक टिकलेला नियम हाच आहे.

नाडीठोका

मी डॉक्टर आहे, पण कोणाचीही तपासणी न करता येथे औषध सांगणार नाही. दोन मुद्दे मात्र मांडतो.

पहिला मुद्दा हृदयाचा. हृदयविकाराचे झटके दिवसाच्या इतर वेळांपेक्षा सकाळी सहा ते दुपारी बारा या काळात अधिक येतात, ही गोष्ट वैद्यकात अनेक वर्षांपासून माहीत आहे. उठण्याच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरके वाढतात, रक्तदाब चढतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही थोडी वाढलेली असते. हे वाचून कोणी सकाळचे फिरणे सोडू नये, कारण नियमित व्यायाम करणाऱ्याचा एकूण धोका कमीच होतो. पण ज्यांना रक्तदाब आहे किंवा हृदयाचा त्रास होऊन गेला आहे, त्यांनी डिसेंबरच्या थंडीत अंथरुणातून उठून थेट टेकडी चढू नये. आधी दहा मिनिटे घरातच सावकाश चालावे, कानटोपी आणि स्वेटर घालावा, आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, विनाकारण घाम असे काही जाणवले तर 'गॅस झाला असेल' म्हणून फेरी पूर्ण करत बसू नये.

दुसरा मुद्दा खडूफळा ताईंच्या साखरेचा. पहाटे यकृतातून साखर रक्तात सोडली जाते, म्हणून काही लोकांची उपाशीपोटीची साखर रात्री काही न खाताही वाढलेली दिसते. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. म्हणून ज्या वेळी साखर चढते त्याच वेळी, म्हणजे जेवणानंतर, दहा-पंधरा मिनिटे चालणे विशेष उपयोगी ठरते. आपल्याकडच्या शतपावलीला इतका भक्कम आधार आहे हे आपणच विसरलो आहोत. ज्यांना इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांनी उपाशीपोटी दीर्घ व्यायाम करण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांशी बोलावे. साखर एकदम खाली जाण्याची भीती असते.

जेवणानंतर_चाला

डॉक्टरांनी माझ्या मनातले लिहिले. मला मधुमेह होऊन सहा वर्षे झाली. गेल्या वर्षी मुलाने साखर मोजण्याचे यंत्र आणून दिले तेव्हा मी चौकसपणाने एक प्रयोग केला. एकच जेवण, म्हणजे दोन पोळ्या, वरण, भात आणि वांग्याची भाजी, दोन वेगवेगळ्या दिवशी घेतले. पहिल्या दिवशी जेवून सोफ्यावर बसलो, दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात वीस मिनिटे चाललो. दीड तासानंतरच्या आकड्यांत चाळीसहून अधिक अंकांचा फरक होता. नंतर चार-पाच वेळा पडताळून पाहिले. फरक कधी कमी कधी जास्त आला, पण चालल्याच्या बाजूनेच आला. एका माणसाच्या प्रयोगाला शास्त्र म्हणत नाहीत हे मला कळते, पण माझ्या बायकोने मात्र त्याच दिवशी सोफा भिंतीला लावून चालण्यासाठी जागा मोकळी केली.

ओढणी

काका लोकांनी एक गोष्ट लक्षात घेतलेली दिसत नाही. जानेवारीत नागपूरला सूर्योदय साधारण सहा वाजून पन्नास मिनिटांनी होतो. सव्वापाच म्हणजे मिट्ट काळोख असतो, आमच्या लेआउटमधील निम्मे दिवे बंद असतात आणि प्रत्येक वळणावर सहा-सात कुत्र्यांची टोळी बसलेली असते. पुरुषांना कुत्र्यांचीच भीती असते, आम्हाला कुत्र्यांखेरीज आणखी कशाकशाची असते हे वेगळे सांगायला नको. मी दोन वर्षांपूर्वी पहाटेचे फिरणे सोडले. आता आम्ही सात जणी रात्री आठला कॉलनीच्या मैदानावर जमतो, तिथे दिवे आहेत आणि चौकीदार आहे. वेळ शास्त्राने ठरवण्यापूर्वी ती दिव्याच्या खांबाने ठरते.

कूलरची_टाकी

ओढणीताई, कुत्रे मागे लागल्यावर माणूस जो वेग घेतो तो वजनकाटा यांच्या कोणत्याही तुकडीत दिसणार नाही. पहाटे शरीराचे तापमान कमी असते म्हणतात, पण त्या क्षणी तसे वाटत नाही.

मूठभर_वाळा

मी संध्याकाळवाल्यांच्या बाजूचा होतो, आता अर्धाच राहिलो आहे. कारण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी कामावरून आल्यावर सहा वाजता अंबाझरीच्या बाजूला धावायला गेलो. सूर्य कलला आहे, आता हरकत नाही, असा माझा हिशोब होता. चौथ्या किलोमीटरला डोके जड झाले, मळमळू लागले आणि घाम येणे जवळपास थांबले आहे हे माझ्या लक्षातही आले नाही. एका रसवंतीवाल्याने मला खाली बसवले, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओतले आणि घरी दूरध्वनी करायला लावला. रात्र दवाखान्यात गेली.

नंतर विचार केला तेव्हा चूक कळली. मेअखेरीस आपल्याकडे सूर्यास्तच पावणेसात-सातच्या दरम्यान असतो. दिवसाचे तापमान ४४-४५ पर्यंत गेलेले असेल तर सहा वाजताही पारा चाळीसच्या आसपास असतो, आणि गेल्या काही वर्षांत सगळीकडे झालेले सिमेंटचे रस्ते व भिंती दिवसभर प्यालेली उष्णता रात्री उशिरापर्यंत परत देत राहतात. दिवसातील सर्वांत थंड वेळ संध्याकाळ नसून सूर्योदयाच्या आसपासची असते. दुसरी फसवणूक कोरड्या हवेची. मुंबईत घाम अंगावर चिकटतो म्हणून माणसाला कळते तरी, आपल्याकडे तो येतो आणि उडून जातो. अंग कोरडे दिसते, पण शरीरातील पाणी मात्र जातच असते. आता मी एप्रिल आणि मे महिन्यांत पहाटे साडेपाच ते साडेसहा एवढ्यातच धावतो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, धावणे पूर्ण बंद ठेवतो, आणि उन्हाळा सुरू होताना पहिले दहा-बारा दिवस वेग निम्म्यावर आणतो, कारण उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात.

वजनकाटा

वाळा यांचे म्हणणे मान्य. मी संध्याकाळ म्हटले ते छताखालच्या, पंखे असलेल्या व्यायामशाळेच्या संदर्भात म्हटले होते, हे स्पष्ट करायला हवे होते. मे महिन्यात आम्हीही संध्याकाळची पहिली तुकडी सातच्या आधी सुरू करत नाही.

कणा_ताठ

मी फिजिओथेरपिस्ट असल्याने पाठीबद्दल एक सूचना. रात्रभर आडवे राहिल्यामुळे मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात, आणि सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर जास्तच भरते. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण अधिक पडतो. पहाटे उठल्याउठल्या पायाचे अंगठे धरण्याचा हट्ट करणारे आणि मग पाठ धरून आमच्याकडे येणारे लोक मी दर हिवाळ्यात पाहते. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांनी उठल्यानंतरचा पहिला तासभर पुढे वाकण्याचे व्यायाम टाळावेत, तोवर चालायला हरकत नाही.

काढा_आणि_कैरी

सासऱ्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. पण थोडे त्यांच्या विरोधातही जाईल.

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठावे असे अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातील दिनचर्येत सांगितले आहे हे खरे, परंतु तो आदेश स्वस्थ माणसाला दिलेला आहे आणि तो उठण्याबद्दलचा आहे. व्यायामाबद्दल त्या ग्रंथाचे कर्ते वाग्भटाचार्य वेगळे बोलतात, आणि त्यांचा भर घटकेपेक्षा ऋतूवर आणि मात्रेवर आहे. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनही सौम्य करावा, असा त्यांचा सल्ला आहे. अतिव्यायाम करणारा माणूस हत्तीला ओढायला गेलेल्या सिंहासारखा नाश पावतो, अशी उपमाही त्यांनी दिली आहे. मेमध्ये अंबाझरीला धावणाऱ्या वाळा यांच्यासाठीच ती लिहिली असावी.

आता ब्राह्ममुहूर्ताचा हिशोब. सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी तो सुरू होतो आणि ४८ मिनिटांपूर्वी संपतो. म्हणजे तो घड्याळाच्या चारला बांधलेला नाही, सूर्याबरोबर सरकतो. जानेवारीत सूर्योदय सहा पन्नासला धरला तर ब्राह्ममुहूर्त पाच चौदाला लागतो. त्या दिवसांत चारला उठणारा माणूस शास्त्रापेक्षा सव्वा तास पुढे धावत आहे.

खडूफळा

हे मला नवीन आहे आणि गणिताच्या शिक्षिकेला हे आजवर सुचले नाही याची लाज वाटते. आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुंबईचा सूर्योदय दिलेला आहे. तो जसाच्या तसा धरून चालेल का?

काढा_आणि_कैरी

चालणार नाही. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडे जास्त आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे आपल्याकडे सूर्य साधारण २५ मिनिटे आधी उगवतो. ऋतूनुसार त्यात दोन-चार मिनिटे इकडेतिकडे होतील.

कोराडी_रोड

हिवाळ्याबद्दल कोणी बोलले नाही. टेकडीच्या काकांचा प्राणवायूचा मुद्दा मला पटत नाही. झाडे प्राणवायू तयार करतात ती प्रकाशात, अंधारात तीही आपल्यासारखीच श्वसन करतात. मोकळ्या हवेत त्यामुळे फारसा फरक पडत नाही हे खरे, पण पहाटे हवा विशेष समृद्ध असते असे मुळीच नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते. त्यामुळे वाहनांचा आणि चुलींचा धूर तिथेच कोंडतो. त्यात चौकाचौकांतील शेकोट्या, जाळलेला पालापाचोळा आणि सहाच्या सुमारास झाडूने उडणारी धूळ मिळवा. आम्ही कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या बाजूला राहतो, आम्हाला हे नाकाला कळते. आमच्या आईला दमा आहे आणि हिवाळ्यात ती सकाळी नऊनंतर, ऊन पडून हवा वर उठायला लागल्यावरच बाहेर पडते.

टेकडीचा_पाहुणा

प्राणवायूचे माझे विधान मी मागे घेतो, अकरा वर्षे मी ते प्रत्येक नव्या सदस्याला ऐकवत होतो. पण टेकडीवरची हवा चौकातल्यापेक्षा बरी असते, हे आपणही मान्य कराल. आणि कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते, ते तरी माझ्याकडे राहू द्या.

नाडीठोका

काका, तेही फारसे राहणार नाही. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेशा प्रमाणात पोहोचतात. साडेसहाच्या तांबूस उन्हातून ते जवळपास मिळत नाही. हिवाळ्यात सकाळी दहा-अकराला पाठीवर ऊन घेत बसणारे आपले आजोबा अधिक बरोबर होते. मात्र सकाळच्या प्रकाशामुळे शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्री झोप वेळेवर लागते. तो लाभ तुमच्याकडे नक्की राहील.

कूलरची_टाकी

काकांकडून एकेक गोष्ट काढून घेत चालला आहात. तर्री पोह्यांबद्दल कोणी विचारले तर काय उरेल?

टेकडीचा_पाहुणा

तर्री पोह्यांबद्दल मी वकिलाशिवाय बोलणार नाही. फिरून उतरल्यावर रस्त्यात ठेला लागतो, आमच्या गटात सहा जण आहेत आणि आठवड्यातून दोनदा कोणाचा ना कोणाचा तरी वाढदिवस असतो. तासाभराच्या फिरण्यात कमावलेले एका प्लेटीत जाते हे मला माहीत आहे. पण पावसाच्या दिवशी सुद्धा सहाही जण हजर असतात, त्याचे श्रेय सेमिनरी हिल्सला किती आणि तर्रीला किती द्यायचे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दोन_पिशव्या

मला चार वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची मुलगी आहे, त्यामुळे 'पहाटेचा एक तास' हे वाक्य मी परीकथेसारखे वाचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम सांगितले आहेत. ही मिनिटे सलगच असली पाहिजेत ही जुनी अट आता उरलेली नाही. मी दहा-दहा मिनिटांचे तुकडे करते: मुलाला बालवाडीत सोडून येताना जलद चालणे, दुपारी मुलगी झोपली की उठाबशा, रात्री गच्चीवर फेऱ्या. वेळ कोणती, हा प्रश्न ज्याच्याजवळ वेळ आहे त्याला पडतो.

रात्रपाळी

दोन_पिशव्या यांना माझा सलाम.

ओढणी

मूळ प्रश्नाकडे येऊ. खडूफळा ताई, रात्री व्यायाम केला तर झोप उडते असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. आम्ही आठ ते पावणेनऊ जलद चालतो आणि घरी आल्यावर मला उलट लवकर झोप लागते. गटातील एक जण शेवटच्या दहा मिनिटांत जोरात दोरीवरच्या उड्या मारत असे, तिला मात्र बारापर्यंत जाग राहायची. झोपण्यापूर्वीच्या तासाभरात दम लागेल असे काही करू नये, एवढे पथ्य पुरते.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे आणि मग बोलायचे असे ठरवले होते.

मार्चपासून मी पहाटेचा नाद सोडला. शाळेतून आल्यावर जेवते आणि लगेच पंधरा मिनिटे समोरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालते, मध्ये कूलर असल्याने ऊन्हाची अडचण येत नाही. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा तेवढेच चालते. आठवड्यातून तीन दिवस साडेसातला पंख्याखाली उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड आणि दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्यांचे व्यायाम करते. दोन महिन्यांत सहा दिवस चुकले, त्यातले चार दिवस पेपर तपासणीचे होते. पाचही संकल्प एकत्र केले तरी इतके दिवस भरले नव्हते. तपासणी पुढच्या आठवड्यात आहे, आकडा काय येईल ते येईल. शाळेला सुट्टी लागली की जूनअखेरपर्यंत वाळा यांचा साडेपाचचा मार्गही करून पाहणार आहे, कारण तेव्हा वह्या नसतील आणि मी दहाला झोपू शकेन.

एक गंमत लिहायची राहिली. रात्री मी चालत असताना लक्षात आले की बाबा, म्हणजे आमचे सासरे, रोज जेवण झाल्यावर गॅलरीत शतपावली करतात, तीही मोजून, आणि गेली तीस वर्षे करतात. मी म्हटले, बाबा, हा तर सूर्य मावळल्यानंतरचा व्यायाम झाला. ते म्हणाले, हा व्यायाम नाही, हे जेवणाचाच भाग आहे. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मग मी ब्राह्ममुहूर्ताचा हिशोब त्यांच्यासमोर ठेवला आणि जानेवारीत ते सव्वा तास आधी उठतात हे पाटीवर मांडून दाखवले. त्यांनी चष्मा लावला, २५ मिनिटांची वजाबाकी स्वतः तपासली आणि मान्य केले. मी मनातून खूश झाले. तेवढ्यात त्यांनी मेअखेरीचा साडेपाचचा सूर्योदय घेऊन तोच हिशोब पुढे केला. उत्तर तीन वाजून चोपन्न मिनिटे आले. म्हणजे चारला उठून आपण उन्हाळ्यात इतकी वर्षे सहा मिनिटे उशीर करत होतो, असे म्हणून त्यांनी घड्याळाचा गजर पावणेचारवर लावला आहे.

कूलरची_टाकी

ताई, बाबांना पंधरा दिवस आमच्याकडे पाठवा. पावणेचारला आमच्या खालच्या नळाला पाण्याची धार फार चांगली असते, आणि बादल्या नऊच आहेत.